सॉरोपॉडची नवी प्रजाती कशी ठरवायची: शेतातल्या हाडापासून छापील नावापर्यंत

लांब मानेचे, चार पायांवर चालणारे, झाडपाला खाणारे जे अवाढव्य डायनोसॉर, त्यांना सॉरोपॉड म्हणतात. भारतात त्यांची हाडे मोजक्या पट्ट्यांत सापडतात. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातला ज्युरासिक काळातला कोटा थर, जैसलमेरचे ज्युरासिक खडक, तमिळनाडूत अरियलूरकडचे क्रिटेशस थर, आणि आपल्याला सगळ्यांत जवळचा लमेटा थर. जबलपूरपासून नागपूर-चंद्रपूरपर्यंत आणि पश्चिमेला बालासिनोरपर्यंत हा लमेटा तुकड्यातुकड्यांनी उघडा पडलेला आहे. बहुतेक ठिकाणी त्याच्यावर दख्खनचा काळा बेसाल्ट बसलेला असतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या टेकडीतूनच आयसिसॉरस हा सॉरोपॉड मिळाला.

भूशास्त्र किंवा प्राणिशास्त्र शिकणाऱ्या आणि हातात सॉरोपॉडची हाडे पहिल्यांदाच आलेल्या विद्यार्थ्यांसाठी हा लेख आहे. उदाहरणे मुख्यतः लमेटा आणि कोट्याची घेतली आहेत, पण पायऱ्या कुठल्याही थराला लागू पडतात. सगळ्यांत जास्त वेळ तुलनेत जातो, खणण्यात नाही, हे आधीच गृहीत धरा. प्रजातीचे नाव शेवटी एका ठरावीक हाडावर किंवा सांगाड्यावर टांगलेले असते. ते हाड कच्चे निघाले की नाव पडते, मग लेख कितीही मोठ्या नियतकालिकात छापलेला असो.

## काय काय जवळ हवे

कागदपत्रे:
- जमीनमालकाची लेखी परवानगी. जमीन वनखात्याची असेल तर वनखात्याची. तोंडी होकार पुढे कामाला येत नाही.
- तुमच्या विभागाचे किंवा संस्थेचे पत्र, त्यावर हाडे शेवटी कुठल्या संग्रहात जाणार हे लिहिलेले.
- क्षेत्रवही, आणि ती रोजच्या रोज भरायची सवय.

साहित्य:
- जीपीएस, होकायंत्र-क्लिनोमीटर, एक मीटर चौकटीची दोरी, १० सेंटिमीटरची मोजपट्टी
- ब्रश, बांबूच्या काड्या, दाभण, छोटी छिन्नी
- ॲसिटोन आणि पॅरालॉइड बी-७२ (हाड घट्ट करणारी आणि चिकटवणारी राळ)
- प्लॅस्टर ऑफ पॅरिस, गोणपाट, टिश्यू पेपर किंवा ॲल्युमिनियमची फॉइल
- मोठा कॅलिपर, कापडी टेप, कॅमेरा

सॉफ्टवेअरला पैसे घालायची गरज नाही. वंशवृक्षासाठी टीएनटी आणि मेस्किट, त्रिमितीय प्रतिकृतीसाठी मेशरूम आणि मेशलॅब, हे सगळे फुकट मिळते.

## १. हाड दिसले की उपटू नका

विदर्भात नवी हाडे बहुधा पावसाळा सरल्यावर दिसतात, कारण पाण्याने वरची माती धुऊन नेलेली असते. हाच पाऊस हाडाचा शत्रूही आहे. चिकणमाती फुगते, आकसते आणि हाड भेगाळते. त्यामुळे दिसलेले हाड पुढच्या पावसाळ्यापर्यंत उघडे ठेवणे परवडत नाही. पण म्हणून हाताने उपटून पिशवीत टाकणे त्याहून वाईट.

आधी फोटो, मोजपट्टीसकट. मग जीपीएसची नोंद. सोबत डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश कुठल्या आधारावर मोजले ते, लिहा, बहुतेक वेळा तो डब्ल्यूजीएस ८४ असतो. मग थर कुठला ते पाहा: हाड बेसाल्टच्या खालच्या लमेट्यात आहे, दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या गाळात आहे, की ओढ्याने वाहून आणून टाकले आहे? ओढ्यातले सुटे हाड कितीही देखणे असले तरी त्याचा थर नक्की नसतो, म्हणून त्यावर नाव उभे करू नये. हाडाला चिकटलेला खडकाचा तुकडा मात्र जपून ठेवा. वरच्या थरांशी तो जुळवून पाहता येतो.

तुम्ही अभ्यासक नसाल, शेतात नांगरताना हाड लागले असेल, तर इथेच थांबा. फोटो आणि जागेची नोंद घेऊन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला, म्हणजे जीएसआयला, किंवा जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवा.

## २. हे हाडच आहे याची खात्री करा

लमेट्यात चुनखडीचे गोटे भरपूर असतात आणि त्यांतले काही हुबेहूब हाडाच्या टोकासारखे दिसतात. अश्मीभूत लाकूडही फसवते. भिंगातून तुटलेली कड पाहा. हाडात बाहेर घट्ट कवच आणि आत जाळीदार भाग असतो. लाकडात वर्षवलये किंवा एकाच दिशेने गेलेल्या बारीक नळ्या दिसतात. गोट्यात यातले काहीच नसते. शंका उरलीच तर छोटा तुकडा घासून पातळ काप करा. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्यांच्या वाटा आणि हाडपेशींच्या पोकळ्या दिसल्या की वाद मिटतो.

ही पायरी बाळबोध वाटते, पण अरियलूरकडच्या कल्लमेडू थरातल्या ब्रुहत्कायोसॉरसचे उदाहरण लक्षात ठेवा. १९८७ मध्ये हे नाव छापले गेले, तेही मांसाहारी डायनोसॉर म्हणून. पुढे तो सॉरोपॉड, आणि तोही जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक, असे म्हटले जाऊ लागले. मूळ वर्णनात साध्या रेखाकृती होत्या आणि हाडे टिकली नाहीत, त्यांचा भुगा झाला. त्यामुळे ते मुळात लाकूड तर नव्हते ना, अशीही शंका घेतली गेली. बऱ्याच वर्षांनी जुने फोटो पुढे आले, तरी हातात घेऊन मोजायला हाड नाही ते नाहीच.

## ३. उचलण्याची पद्धत

हाडाच्या वरच्या बाजूची माती काढा, पण खालची तशीच राहू द्या. भेगा दिसल्या तर पॅरालॉइड ॲसिटोनमध्ये विरघळवून सोडा. आत मुरवायचे असेल तर साधारण ५ टक्के. तुकडे चिकटवायचे असतील तर त्याहून बरेच घट्ट. ओल्या हाडावर ते पांढरे पडते आणि आत शिरत नाही, म्हणून आधी सावलीत वाळू द्या. बाजारातला झटपट चिकटणारा डिंक शक्यतो टाळा. एकदा चिकटला की सोडवणे कठीण, आणि पुढे काप घ्यायचा झाला तर आड येतो. पॅरालॉइड ॲसिटोनने पुन्हा विरघळतो, हा त्याचा सगळ्यांत मोठा गुण.

चारही बाजूंनी चर खणून हाड मातीच्या ओट्यावर उभे राहील असे करा. त्यावर ओला टिश्यू पेपर दोन-तीन पदरी चिकटवा. हा पदर विसरलात तर प्लॅस्टर थेट हाडाला धरते आणि प्रयोगशाळेत काढताना पृष्ठभागही घेऊन येते. प्लॅस्टर पाण्यात टाका, पाणी प्लॅस्टरमध्ये ओतू नका, गुठळ्या होतात. डोशाच्या पिठाइतके दाट झाले की गोणपाटाच्या पट्ट्या बुडवून आडव्या-उभ्या लावा. लांब हाडाला बांबूची किंवा लाकडाची पट्टी आधाराला गुंडाळा. वाळल्यावर ओटा खालून कापा, उलटा, खालची बाजू बंद करा. कवचावर क्रमांक, उत्तर दिशा आणि 'वरची बाजू' ठळक लिहा.

उचलण्याआधी जागेचा नकाशा हवाच. दोरीच्या चौकटीवर प्रत्येक हाडाची जागा, लांबीची दिशा आणि कल नोंदवा. हा नकाशा पुढच्या पायरीचा एकमेव साक्षीदार आहे.

## ४. जनावरे किती?

एका खड्ड्यातली सगळी हाडे एकाच जनावराची असतात हे गृहीत धरणे ही नवख्यांची सर्वांत महागडी चूक. कोट्यात यमनपल्लीजवळ कोटासॉरसची ८४० हाडे मिळाली आणि ती किमान १२ जनावरांची निघाली. पोचमपल्लीजवळचा बारापासॉरस तसाच. सुमारे ३०० हाडे, किमान ६ जनावरे.

मोजणी सोपी असते. एकाच बाजूचे एकच हाड किती वेळा आले ते बघा. डाव्या मांडीची तीन हाडे म्हणजे कमीत कमी तीन जनावरे. मग आकार जुळतात का ते पाहा: उजवे आणि डावे एकाच मापाचे आहेत का, मणके एकमेकांत नीट बसतात का. सांध्यात जोडलेल्या अवस्थेत मिळालेली हाडे सर्वांत विश्वासाची. जवळजवळ पडलेली, एकाच मापाची आणि कुठलेही हाड दुबार न आलेली, ती दुसऱ्या क्रमांकावर. बाकी सगळी 'बहुधा त्याच प्रजातीची' या खान्यात जातात, होलोटाइपमध्ये नाही.

होलोटाइप म्हणजे ज्या नमुन्यावर नाव कायमचे बांधले जाते तो नमुना. त्यात दोन जनावरांची हाडे मिसळली आणि पुढे ती दोन वेगळ्या प्रजातींची निघाली, तर तुमचे नाव नेमके कुणाचे, हे दुसऱ्याच कुणाला तरी ठरवावे लागते. म्हणून होलोटाइप लहान चालेल, पण निर्विवादपणे एकाच जनावराचा हवा. आयसिसॉरसचा होलोटाइप या दृष्टीने भारतात फार मोलाचा आहे, कारण एकाच जनावराची मान, पाठ, त्रिकास्थी (कंबरेतला जुळलेल्या मणक्यांचा भाग) आणि शेपूट यांचे मणके त्यात आहेत.

## ५. हाड कोणते आणि कुठले ते ठरवा

सॉरोपॉडच्या मणक्याचे ढोबळ दोन भाग. खालचा गोल ठोकळा म्हणजे सेंट्रम, आणि त्यावरची कमान, जिच्यातून चेतारज्जू जातो. कमानीवर पातळ हाडी पट्ट्या असतात, त्यांना लॅमिना म्हणतात, आणि त्यांच्यामधल्या खोलगट जागा म्हणजे खळगे. प्रत्येक पट्टी कुठून कुठे जाते त्यावरून तिचे नाव ठरते, आणि ही नावे आता जगभर एकाच पद्धतीने वापरतात. ती पाठ केल्याशिवाय एकही जुना लेख वाचता येणार नाही, तेव्हा पहिला आठवडा त्यालाच द्या.

मग जागा:
- मानेचा मणका: लांबट, पुढून फुगीर आणि मागून खोलगट, खाली बरगड्या चिकटलेल्या.
- पाठीचा: आखूड, उंच कमानीचा, बाजूला हवेच्या पिशव्यांनी पाडलेली मोठी छिद्रे.
- त्रिकास्थीचे: एकमेकांत जुळून एक झालेले. टायटॅनोसॉरमध्ये (लमेट्यातले सॉरोपॉड याच गटातले) बहुधा सहा.
- शेपटीचा: खाली शेव्हरॉन नावाच्या हाडांसाठी टेकू, मागे जाताना कमानीवरचा काटा आणि बाजूचे फाटे नाहीसे होत जातात.

'मानेचा मणका' एवढे पुरत नाही. मानेचा पुढचा, मधला की मागचा, हे सांगता आले पाहिजे, कारण एकाच जनावरात चौथा आणि बारावा मणका दोन प्रजातींचे वाटावेत इतके वेगळे असतात. मधला मणका दुसऱ्या प्रजातीच्या मागच्या मणक्याशी ताडून 'फरक सापडला' म्हणणारी हस्तलिखिते परीक्षक पहिल्या वाचनातच परत पाठवतात.

## ६. मापे: सूत्र कुठले ते लिहा

प्रत्येक माप तीनदा घ्या, वेगवेगळ्या दिवशी घेतलेत तर आणखी बरे. तुटलेल्या कडेवर मोजलेल्या मापापुढे तसे चिन्ह टाका.

मानेच्या मणक्याच्या लांबटपणाचा निर्देशांक जवळपास प्रत्येक लेखात येतो, आणि तिथेच घोळ होतो. समजा सेंट्रम ६० सेंटिमीटर लांब आहे, मागच्या बाजूला २२ रुंद आणि १८ उंच. रुंदीने भागले तर २.७ येतात, उंचीने भागले तर ३.३, दोहोंच्या सरासरीने भागले तर ३. तिन्ही पद्धती छापील लेखांत आहेत. एकाची ३.३ दुसऱ्याच्या २.७ शी ताडली तर अस्तित्वात नसलेला फरक 'सिद्ध' होतो. वर मणका वरून दाबला गेला असेल तर उंची खोटी, रुंदीही खोटी; तिथे सरासरीचे सूत्र त्यातल्या त्यात सुरक्षित.

हातापायांच्या हाडांना दणकटपणाचा निर्देशांक लावतात: वरचे टोक, मधला दांडा आणि खालचे टोक यांच्या कमाल रुंदींची सरासरी भागिले लांबी.

फोटो सहा बाजूंनी घ्या: पुढून, मागून, डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून. प्रकाश डाव्या वरच्या कोपऱ्यातून. प्रतिकृतीसाठी हाडाभोवती वेगवेगळ्या उंचीवरून तीन फेऱ्या मारा आणि दोन लागोपाठच्या फोटोंत निम्म्याहून बराच जास्त भाग सारखा येऊ द्या. चकचकीत पॅरालॉइडचा थर वर राहिला तर प्रतिकृतीला भोके पडतात. फोटोआधी तो ॲसिटोनने पुसून घ्या.

## ७. खोटा वेगळेपणा: वय, दाब आणि झीज

या पायरीवर घाई करू नका. बहुतेक 'नव्या' प्रजाती इथेच गळतात, आणि गळायलाच हव्यात.

वय. लहान सॉरोपॉड मोठ्याची छोटी प्रत नसतो. वाढीबरोबर त्रिकास्थीला नवे मणके जुळतात, सेंट्रम आणि कमान यांच्यामधला सांधा बुजतो, खळगे खोल होतात, पट्ट्या धारदार होतात. ब्रॉन्टोसॉरसचा सगळा इतिहास या एका मुद्द्यावर फिरला. अमेरिकेत जीवाश्मतज्ज्ञ मार्शने १८७७ मध्ये ॲपॅटोसॉरस आणि १८७९ मध्ये ब्रॉन्टोसॉरस अशी नावे दिली. १९०३ मध्ये रिग्जने दाखवले की पहिला नमुना वाढीत असलेला होता आणि दोघांमधले फरक वयाचे आहेत; आधीचे नाव उरले, ब्रॉन्टोसॉरस गेले. २०१५ मध्ये त्शॉप आणि सहकाऱ्यांनी ४७७ गुणविशेष तपासून ते पुन्हा वेगळे काढले, आणि त्यावरही सगळे एकमताचे नाहीत.

तेव्हा तुमच्या जनावराचे वय सांगा. पहिली खूण म्हणजे तो सांधा. उघडा असेल तर वाढ चालू होती. पण तो मानेत, पाठीत आणि शेपटीत एकाच वेळी बुजत नाही, म्हणून एका मणक्यावरून निकाल देऊ नका. भक्कम पुरावा हाडाच्या कापात मिळतो. भुजास्थी किंवा मांडीच्या हाडाच्या दांड्याच्या मध्यातून छोटा गाभा काढून त्याचा पातळ काप करतात. अगदी बाहेरच्या कडेला एकमेकांना खेटलेल्या वाढीच्या रेषा आणि रक्तवाहिन्या जवळपास नाहीत, असे दिसले की वाढ संपली होती. क्लाइन आणि झांडर यांनी २००८ मध्ये सॉरोपॉडच्या हाडांसाठी वाढीच्या १३ पायऱ्या मांडल्या आहेत, त्यावर तुमचा काप बसवा. गाभा काढण्याआधी साचा, फोटो आणि मापे पूर्ण करा. संग्रहालयाची लेखी परवानगीही हवी.

दाब. कोट्यवधी वर्षे गाळाखाली दबलेले हाड तिरके होते. मणक्याच्या डाव्या-उजव्या बाजू ताडा. काटा एका बाजूला कललेला, एका बाजूचा खळगा खोल आणि दुसरीकडचा उथळ असेल तर तो दाबाचा परिणाम. एकाच बाजूला दिसणारा गुण वेगळेपणाच्या यादीत टाकू नका. खड्ड्याचा नकाशा इथे पुन्हा कामाला येतो: वेगवेगळ्या दिशांना पडलेल्या हाडांत तोच आकार सारखा दिसला तर तो खरा असण्याची शक्यता वाढते, एकाच दिशेने चेपलेला असेल तर कमी होते.

झीज. वारा-पाणी पातळ भिंत फोडते आणि तिथे भोक पडते. मग ते हवेच्या पिशवीचे छिद्र म्हणून वर्णनात शिरते. खऱ्या छिद्राची कड गुळगुळीत आणि आत वळलेली असते. फुटलेल्याची कड खडबडीत असते आणि जाळी उघडी दिसते. प्रयोगशाळेत दाभण घसरून पडलेले 'खळगे'ही छापून आल्याची उदाहरणे आहेत. साफसफाई करणाऱ्याने रोजची नोंद ठेवली असेल तर असला घोळ आधीच पकडता येतो.

नर-मादी फरकाचे स्पष्टीकरण मात्र सहजासहजी पुढे करू नका. सॉरोपॉडमध्ये त्याला आधार देईल इतके नमुने क्वचितच हाताशी असतात.

## ८. आधी गट, मग शेजारी

पहिले आपल्या जनावराचा गट पक्का करा. लमेट्यात येणारे सॉरोपॉड टायटॅनोसॉर गटातले आहेत. त्यांच्या ओळखीच्या खुणा: शेपटीचे पुढचे मणके पुढून खोलगट आणि मागून फुगीर, मांडीच्या हाडाच्या वरच्या भागात बाहेरच्या बाजूला फुगवटा, मणक्यांच्या आत मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक कप्प्यांची रचना, पेन्सिलीसारखे अरुंद दात. आतले कप्पे पाहायला सीटी स्कॅन मिळाला तर उत्तम, पण नैसर्गिकरीत्या तुटलेल्या कडेवरही ते दिसतात आणि त्याला खर्च नाही.

मग त्याच थरातून आधी नाव मिळालेल्या प्रत्येक प्रजातीशी तुलना. लमेट्यापुरती ही यादी छोटी आहे. आयसिसॉरस कोल्बर्टी: १९९७ मध्ये जैन आणि बंद्योपाध्याय यांनी टायटॅनोसॉरस कोल्बर्टी म्हणून वर्णिला, २००३ मध्ये विल्सन आणि अपचर्च यांनी वेगळ्या वंशात (जीनसमध्ये) नेला. जैनोसॉरस: जबलपूरच्या बारा सिमला टेकडीचा, १९३३ मध्ये फॉन ह्यूनं आणि मॅटली यांनी अंटार्क्टोसॉरसची प्रजाती म्हणून नोंदवलेला, १९९५ मध्ये आताचे नाव मिळालेला. शिवाय जुन्या, वादग्रस्त नावांचा गाळ आहे तो वेगळाच. त्यातली कुठली नावे अजून वैध आणि कुठली मोडीत, हे आधी तपासा.

कागदाच्या डाव्या बाजूला हाडांची नावे आणि वर प्रजाती, असा तक्ता करा. कुठल्या चौकटीत तुमच्याकडेही हाड आहे आणि त्यांच्याकडेही, ते रंगवा. रंगलेल्या चौकटी नसतील तर विषय तिथेच संपतो. तुमच्याकडे फक्त पाऊल आहे आणि शेजाऱ्याचे पाऊल कुणी पाहिलेलेच नाही, तर ते त्याचेच नसेल कशावरून? अशा वेळी 'टायटॅनोसॉर, प्रजाती अनिश्चित' असे छापणे पूर्ण सन्मानाचे काम आहे. आपल्याकडे विद्यार्थ्यांना ते कमीपणाचे वाटते, आणि त्यातूनच नको ती नावे जन्माला येतात.

दूरचे नातेवाईकही पाहा. लमेट्याच्या काळात भारत मादागास्करपासून तुटून फार काळ झाला नव्हता, म्हणून तिथला रापेटोसॉरस आणि दक्षिण अमेरिकेतले टायटॅनोसॉर तुलनेत हवेतच. शक्य तिथे मूळ हाड स्वतः पाहा. प्रवास परवडत नसेल तर संग्रहालयाला लिहून फोटो आणि प्रतिकृती मागवा. शंभर वर्षांपूर्वीच्या चित्रकाराने तुटका भाग स्वतःच्या कल्पनेने पूर्ण केलेला असू शकतो.

## ९. वेगळेपण कागदावर

निदान म्हणजे ज्या गुणांवरून ही प्रजाती इतर सगळ्यांपासून ओळखता येते, त्यांची यादी. यादीत सर्वांत वजनदार ते गुण जे फक्त या प्रजातीत आहेत. 'हा गुण अमक्यात आहे, तो तमक्यात, दोन्ही एकत्र मात्र इथेच' ही पद्धतही चालते, पण ती दुय्यम. 'मोठा', 'दणकट', 'तुलनेने उंच' असे शब्द नकोत, प्रमाण द्या.

टायटॅनोसॉरसची गोष्ट इथे प्रत्येकाने वाचावी. जबलपूरला ब्रिटिश अधिकारी स्लीमन यांना १८२८ मध्ये मिळालेल्या हाडांतून लिडेकर यांनी १८७७ मध्ये टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिले. आधार मुख्यतः शेपटीच्या मणक्यांचा, जे पुढून खोलगट आणि मागून फुगीर होते. त्या काळी हा गुण अनोखा होता. पुढे तोच गुण अर्जेंटिना, युरोप, मादागास्कर, लाओस असा सगळीकडे सापडत गेला आणि या एका वंशात १४ प्रजाती जमा झाल्या. २००३ मध्ये विल्सन आणि अपचर्च यांनी सगळ्या तपासल्या. जो गुण एका जनावराची ओळख होता तो आता अख्ख्या गटाची ओळख झाला होता, त्यामुळे मूळ नावाला स्वतःचे असे काही उरलेच नाही. १४ पैकी फक्त ५ प्रजाती टिकल्या. मूळ नमुना तर दीर्घकाळ हरवलेला समजत होते. कोलकात्याच्या जीएसआयच्या संग्रहात तो पुन्हा ओळखला गेल्याचे २०१३ मध्ये छापून आले.

लिडेकर यांची हयगय झाली नव्हती, तेव्हा जेवढे माहीत होते त्यात ते बरोबरच होते. आपण यातून काळजी एवढी घ्यायची: एका गुणावर नाव उभे करू नका, आणि शरीराच्या वेगवेगळ्या भागांतले गुण घ्या. त्यातला एखादा पुढे झिजला तरी बाकीचे नाव तोलून धरतात.

## १०. वंशवृक्ष

उत्तम, अलीकडचा, सॉरोपॉडसाठी केलेला गुणतक्ता, म्हणजे कुठल्या प्रजातीत कुठला गुण आहे वा नाही याची सारणी, घ्या आणि त्यात आपल्या जनावराची ओळ भरा. हाड नसेल तर प्रश्नचिन्ह. हाड आहे पण गुण लागूच होत नाही, तर आडवी रेघ. शून्य म्हणजे 'गुण नाही हे पाहिले', 'पाहायला मिळाले नाही' असे नव्हे. या तिन्हींची गल्लत झाली की झाड वेडेवाकडे येते आणि कारण शोधण्यात महिने जातात.

टीएनटीमध्ये एकदा सगळ्या गुणांना सारखे वजन देऊन आणि एकदा वारंवार बदलणाऱ्या गुणांना कमी वजन देऊन चालवा. दुसऱ्या चमूचा वेगळा तक्ता घेऊन पुन्हा करा. दोन्हींत जागा साधारण तीच आली तर ती लिहा. नाही आली तर तसे लिहा. आणि झाडावर वेगळी फांदी मिळाली म्हणून प्रजाती नवी ठरत नाही. अर्धवट हाडांची ओळ कुठेही जाऊन बसते. नवेपणा नवव्या पायरीत सिद्ध व्हायला हवा.

## ११. नाव देणे आणि छापणे

प्राण्यांच्या नावांचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, आणि चूक झाली तर लेख छापूनही नाव अवैध ठरते.

- होलोटाइप कोणता आणि तो कुठल्या संग्रहात आहे, हे लेखात स्पष्ट लिहिलेले हवे. त्यासाठी संग्रह क्रमांक आधी मिळवा. खासगी कपाटातला नमुना बहुतेक नियतकालिके स्वीकारत नाहीत, आणि स्वीकारूही नये.
- नाव आधी कुठल्याही प्राण्याला दिलेले नाही ना, ते पाहा. फक्त डायनोसॉरांत शोधून भागत नाही. चीनमधल्या एका सॉरोपॉडला दिलेले प्रोटोग्नॅथस हे नाव आधीच एका भुंग्याचे होते. ते बदलून प्रोटोग्नॅथोसॉरस करावे लागले.
- व्यक्तीच्या सन्मानार्थ नाव असेल तर पुरुषासाठी शेवटी 'आय', स्त्रीसाठी 'एई', अनेकांसाठी 'ओरम' (सगळ्या स्त्रियाच असतील तर 'आरम'). गावावरून असेल तर 'एन्सिस'. 'सॉरस'ने संपणारा वंश पुल्लिंगी असतो, त्यामुळे विशेषण 'इंडिकस', 'इंडिका' नाही.
- नियतकालिक फक्त ऑनलाइन असेल तर प्रकाशनाआधी झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, नोंद करा आणि त्या नोंदीचा पुरावा लेखात छापा. ही सोय २०१२ पासून लागू आहे.
- प्रबंधात, परिषदेच्या सारांशात किंवा बातमीत नाव आधी फोडू नका. वर्णनाशिवाय बाहेर पडलेले नाव वैध नसते, पण गोंधळ घालायला पुरेसे असते.

लेखाचा क्रम ठरलेला आहे: वर्गीकरण, होलोटाइप, ठिकाण आणि थर, नावाचा उगम, निदान, वर्णन, तुलना, वंशवृक्ष. ठिकाण छापताना नेमके अक्षांश-रेखांश संग्रहाच्या नोंदीत ठेवून लेखात फक्त गाव आणि तालुका देण्याची पद्धत आहे, कारण छापलेल्या आकड्यांवरून हाडे चोरणारेही पोहोचतात.

## परीक्षक काय विचारतील

पाठवण्याआधी हे प्रश्न स्वतःला विचारा आणि उत्तर हस्तलिखितात कुठे आहे ते पानासकट सांगता येते का बघा. होलोटाइप एकाच जनावराचा कशावरून? वय किती? निदानातला प्रत्येक गुण दोन्ही बाजूंना दिसतो का? त्याच थरातल्या प्रत्येक वैध प्रजातीशी किमान एक तरी समान हाड ताडले का? सूत्र कुठले वापरले? गुणतक्त्याची फाइल, मोजमापांचा पूर्ण तक्ता आणि होलोटाइपची त्रिमितीय प्रतिकृती लेखासोबतच द्या. हाडाचे उद्या काही बरेवाईट झाले तरी मोजायला काहीतरी शिल्लक राहते, आणि 'आणखी फोटो पाठवा' म्हणणारी पत्रेही निम्म्याने कमी होतात.